पूर्ण झाल्यावर दाखवीन

ऑफिसात त्याला काटकोन म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्याच्या कानावर जाईल इतपत मोठ्यानं. इमारतींचे नकाशे काढणं हे त्याचं काम, आणि बसणं, उठणं, डबा उघडणं, रुमालाची घडी घालणं, सगळं कसं नव्वद अंशात. त्याला त्या नावाचा राग नव्हता. वाकड्या माणसांच्या गर्दीत एखादा तरी काटकोन असावा, असं तो म्हणायचा. आयुष्यात त्यानं केलेला हा बहुधा एकमेव विनोद.

अर्धवट नकाशा तो कुणालाही दाखवत नसे. प्रत्यक्ष साहेब टेबलाशी येऊन उभा राहिला तरी कागद पालथा. त्याला कारण होतं. नोकरीच्या सुरुवातीला एका ठेकेदारानं फारच घायकुतीला आणलं म्हणून यानं निम्मा झालेला नकाशा त्याच्या हातावर ठेवला. वरच्या मजल्याचं दार अजून काढायचं राहिलं होतं. पठ्ठ्यानं कागदावर दिसला तसा जिना बांधून काढला आणि तो जिना सरळ भिंतीला जाऊन टेकला. ज्यानं त्यानं येऊन तो जिना बघितला. त्या दिवसापासून 'पूर्ण झाल्यावर दाखवीन' हे वाक्य त्याच्या तोंडी कायमचं बसलं.

शिकण्याचंही तेच. ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा त्याच्या वयाच्या लोकांनी कपाळाला हात लावला, दोघांनी राजीनामे दिले. यानं जुना कॉम्प्युटर घरी आणला, मागच्या खोलीत ठेवला आणि दार लावून घेतलं. ऑफिसातून आला की तो आत आणि बायको बाहेर. काही महिन्यांनी त्यानं साहेबासमोर कॉम्प्युटरवर काढलेला पहिला नकाशा ठेवला तो एकही रेघ खोडायला न लागणारा. निवृत्त झाल्यावर कुलपं दुरुस्त करायला शिकला, पाव भाजायला शिकला. शिकणं थांबलं की माणूस आटोपला, हे तो मनापासून मानायचा. यात हसण्यासारखं काही नाही. पेन्शन लागल्यावर नुसतं पेपर चाळत जांभया देणाऱ्यांपेक्षा हा माणूस कितीतरी बरा.

बायकोला त्याचा अभिमान होता. "आमच्या ह्यांचं असंच. कोंडून घेतलं की शिकूनच बाहेर," असं ती शेजारणींना सांगायची. आणि सांगायची म्हणजे काय, दिवसभर सांगायची. तिला सगळी आळी रेडिओ म्हणायची. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, जिन्यात भेटेल त्याच्याशी तिचं बोलणं चालू. तो बंद खोलीत असायचा तेव्हाही दाराला पाठ लावून बसायची आणि आतल्याला ऐकू जाईल अशी बोलत राहायची. तो 'हं' म्हणायचा. तिला तेवढा 'हं' पुरायचा. खरं सांगायचं तर त्या आवाजाशिवाय त्याचं मन कामात लागत नसे, पण हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्याइतकं ते पूर्ण झालं नव्हतं म्हणा.

आणि अशा बाईचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी दारावरची बेल, मग फोन, मग समोरच्या माणसाचे शब्द. मशीन लावून बघितलं, त्यातून नुसता खरखराट यायचा. शेवटी मोठ्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर खाली मान घालून लिहिता लिहिता बोलत होते, त्यामुळे तिला त्यांचे ओठही दिसत नव्हते.

"दोन्ही कानांच्या नसा गेल्यात," डॉक्टर त्याला म्हणाले. "उरलंय तेही वर्षभरात जाईल. तोवर दोघांनी मिळून खुणांची भाषा शिकायला लागा. थोडं ऐकू येतंय तोपर्यंत त्यांना शिकवणं सोपं जाईल. उशीर करू नका."

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "काय हो म्हणाले?"

त्यानं तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "उपाय नाही म्हणाले."

बाकीचं त्यानं पालथं घातलं. त्याच्या डोक्यात हिशेब पक्का होता. आधी आपल्याला नीट आलं पाहिजे. आपणच चाचपडत असलो आणि तिला काही चुकीचं शिकवलं, तर ते मोडून पुन्हा शिकवायचं म्हणजे दुप्पट काम. आधी आपण, मग ती. दुसऱ्या दिवशी तो मागच्या खोलीत गेला, कॉम्प्युटरवर खुणांच्या भाषेचे धडे लावले आणि दार ओढून घेतलं.

बाहेर ती एक एक आवाज गमावत होती. स्वतःचा आवाज ऐकू येईना तशी ती फार मोठ्यानं बोलायला लागली. दुकानात लोक वळून बघायचे, शेजारीण कपाळाला आठ्या घालायची. ओठ वाचता येत नव्हते, पण आठ्या वाचता येत होत्या. तिनं बोलणं कमी केलं, मग जवळजवळ सोडलं. घरात एक पांढरी पाटी आणली होती. तो पाटीवर लिहायचा, 'पाणी भरलं', 'दूधवाला येऊन गेला', 'मीठ जास्त'. पाटीवर माणूस कामाचंच लिहितो. वरच्या मजल्यावरच्या बाईनं लाल साडीवर हिरवे बूट घातले होते, हे कोण पाटीवर लिहीत बसतं? आणि तिचं सगळं जगणं तर त्या हिरव्या बुटांवर चालायचं.

एकदा ती चहा घेऊन खोलीत आली. तो पडद्याकडे बघून हात हलवत होता आणि हसत होता. तिला बघताच त्यानं चटकन पडदा भिंतीकडे फिरवला आणि हात मांडीखाली घेतले. ती कप ठेवून निघून गेली. त्याला वाटलं, वाचलो, थोडक्यात सगळं उघडं पडलं असतं.

पुढचं शिकण्यासाठी तो एका वर्गाला जायला लागला. शिकवणाऱ्या बाईंच्या आईवडिलांना, दोघांनाही, जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे बाई बोलायच्या आधी खुणा करायला शिकल्या होत्या. वर्गात बहुतेक जण जोडीनं यायचे. आई आणि मुलगा, दोघी बहिणी. हा एकटा.

"काका, काकूंना घेऊन या," बाई म्हणायच्या.

"आणीन. माझं पूर्ण होऊ द्या."

"अहो, ही पूर्ण झाल्यावर बोलायची भाषा नाही. चुकत चुकतच येते."

तो मान डोलवायचा आणि एकटाच यायचा. वर्गात त्याच्यासारख्या खुणा कुणाच्या नव्हत्या. बोटाचा कोन, मनगटाचं वळण, सगळं जिथल्या तिथं. घरी तो रिकाम्या खुर्चीसमोर बसून सराव करायचा. खुर्चीत बायको बसली आहे असं धरायचा आणि बोलायचा. जन्मात बोलला नव्हता इतकं बोलायचा. हातांनी बोलताना त्याची भीड चेपली होती. आणि मनातली ती बायको त्याला फडाफडा उत्तरं द्यायची, हातांनीच. त्याचं ऐकून घ्यायची, चेष्टा करायची, मध्येच तोडायची. महिनोन्‌महिने हे असं चाललं आणि खुर्चीतल्या बायकोला सगळं येतं म्हणून बाहेरच्या बायकोला काहीच येत नाही, हे तो विसरून गेला. हुशार माणसं विसरतात तेव्हा अशी मुळातलीच गोष्ट विसरतात.

मध्यंतरी लेक येऊन गेली. आई भिंतीकडे तोंड करून बसलेली आणि बाबा आत, हे तिनं बघितलं. "आईला थोडे दिवस माझ्याकडे नेते," ती म्हणाली. त्याला ते पथ्यावरच पडलं. शेवटचे धडे राहिले होते. त्यानं पाटीवर लिहिलं, 'जा. मलाही निवांतपणा मिळेल.' बायकोनं ते वाचलं, परत एकदा वाचलं आणि पिशवी भरायला घेतली.

थोड्या दिवसांचे महिने झाले.

आणि मग एके दिवशी वर्गातल्या बाईंनी त्याला खुणेनं सांगितलं, तुम्हाला आता माझी गरज नाही. त्याच दिवशी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला आणि लेकीच्या गावची बस पकडली. बसमध्ये खिडकीशी बसून तो हळूच बोटं हलवत होता. शेजारच्या प्रवाशानं जरा अंग चोरून घेतलं.

लेकीच्या घरी स्वयंपाकघरात बायको आणि विहीणबाई, म्हणजे लेकीची सासू, मटार सोलत बसल्या होत्या. विहीणबाई ऐसपैस बाई. "या व्याहीबुवा! वाट चुकलात का?" म्हणून त्यांनी स्वागत केलं. तो कुणाशी बोलला नाही. बायकोसमोर जाऊन उभा राहिला, ताठ, आणि हात वर केले.

तो सांगू लागला. घर फार शांत झालं आहे. मला शांतता आवडते असं मला वाटायचं, ते खोटं होतं. दाराबाहेर तू बोलायचीस म्हणून आत माझ्या रेघा सरळ यायच्या. मला तुझी प्रत्येक गोष्ट ऐकू यायची, मी फक्त 'हं' म्हणायचो. आता घरी चल. आता आपण बोलू. एकही खूण चुकली नाही. शेवटी त्यानं हात खाली घेतले आणि ती उत्तर देईल म्हणून तिच्या हातांकडे बघत राहिला.

तिच्या हातात मटारची शेंग तशीच होती. ती घाबरून लेकीकडे बघत म्हणाली, "अगं, ह्यांना काय होतंय? हात आखडलेत का ह्यांचे?"

लेक दारात उभी होती. तिच्या ध्यानात आलं. "बाबा," ती हळूच म्हणाली, "ही भाषा आईला कुणी शिकवली?"

तो तिच्यासमोर खाली बसला. त्याच्या उभ्या आयुष्यात त्यानं पूर्ण करून दाखवलेली ही पहिली गोष्ट होती जी भिंतीला जाऊन टेकली होती.

लेकीनं पाटी आणून दिली. त्यानं लिहिलं, 'खुणांची भाषा शिकलो. तुझ्यासाठी.' अक्षर पहिल्यांदाच वाकडं आलं.

तिनं वाचलं. पाटी मांडीवर ठेवली. मग तिच्या त्या बिघडलेल्या, फार मोठ्या आवाजात म्हणाली, "म्हणून दार लावत होतात?"

त्यानं मान हलवली.

"मला वाटलं, माझी कटकट गेली म्हणून तुम्हाला बरं वाटतंय. तुम्ही हसत होतात आत."

त्यानं घाईघाईनं लिहिलं, 'आता तुला शिकवतो. घरी चल.' आणि तिथंच सुरुवात केली. तिचा हात हातात घेऊन त्यानं पहिली खूण करून दाखवली. तिनं केली. अंगठा चुकला. त्यानं तो सरळ केला. तिनं परत केली, मनगट चुकलं, त्यानं तेही सरळ केलं. तिसऱ्यांदा त्याचा हात पुढं आला तेव्हा तिनं आपले हात काढून घेतले आणि पदरात ठेवले.

"नको," ती म्हणाली. राग नव्हता. "तुमचं शिकून झालं ना? छान झालं. पण आता मला नाही जमायचं. मी इथंच बरी आहे हो."

विहीणबाईंना बहुधा तो अवघडलेपणा सोसवेना. त्यांनी बायकोच्या गुडघ्यावर थाप मारली, छताकडे बोट केलं, नाक चिमटीत धरलं, गाल फुगवले आणि बसल्या जागी डोलून दाखवलं. त्यात भाषा म्हणावी असं काहीही नव्हतं. एकही खूण पुस्तकातली नव्हती. बायको बघत होती. मग तिनं आपलं पोट धरून कसलीशी नक्कल केली, विहीणबाईंनी कपाळ बडवलं, आणि दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्यानं तिला इतकं हसताना कान गेल्यापासून बघितलं नव्हतं.

"काय म्हणालात तुम्ही?" त्यानं विहीणबाईंना विचारलं.

"आता ते कसं सांगू, व्याहीबुवा? वरच्या बिऱ्हाडाचं आहे, पण त्याच्या आधी बरंच झालंय. रोज इथं बसला असतात तर कळलं असतं."

तो तिथंच बसला. एक शेंग उचलली. दोघींचं परत सुरू झालं. हात, भुवया, ओढलेले गाल. पुन्हा हशा पिकला, लेकही हसली. त्याला एक अक्षर कळलं नव्हतं. पण सगळे हसतायत म्हणून तोही हसला, जरासा उशिरा.

बायकोचं हसू थांबलं. ते उशिराचं हसू तिच्या ओळखीचं होतं. कान जात होते तेव्हा चारचौघांत ती असंच हसायची आणि मग कुणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवून सांगणं गोडीनं पुढं ढकलायचं. तिनं हात लांब करून त्याच्या पाठीवर ठेवला.

"काही विशेष नाही हो," ती म्हणाली. "नंतर सांगते."

संध्याकाळच्या बसची वेळ झाली तरी ते सांगायचं राहूनच गेलं होतं.