गाठ आणि नाचणी

आमच्या डुकरांच्या खोपीत खिळ्याला एक सुंभ टांगलेला असतो. पुढच्या पायांमागून तो छातीभोवती फिरवायचा आणि टोक भेटेल तिथे गाठ मारायची. पुढच्या वेळी गाठ अपुरी पडली, की डुक्कर वाढलं.

आषाढात माझ्या नवऱ्याने, सगुणने, सगळ्यांत मोठ्या डुकराची गाठ मारली. "सुमंगल, गणपतीच्या चवथीपर्यंत ही गाठ चार बोटं तरी अपुरी पडायला हवी. नाही पडली तर खोप मोडू. हरमलच्या किनाऱ्यावर आहेत तशा दोन खोल्या बांधू, पर्यटक येतील."

"त्यांची घाण तू काढशील?" मी म्हटलं. आमच्या चोपडे गावात हिंदू घरांत डुकरं पाळणारी मी एकटी. फोनवर बघत, चुकत, शिकलेली.

मक्याऐवजी नाचणी ही अक्कलही माझीच. आमच्याच डोंगरउतारावर पिकते. मक्याने पिल्लं पातळ हगायची. नाचणीच्या पिठाने पोट बसलं, अंगही धरलं. मग श्रावण लागला आणि चक्कीवाल्या गोकुळदासने पोतं परत पाठवलं. "वयनी, ह्याच चक्कीत लोकांचा पीठ पडता. श्रावणात डुकरांचा नको."

एवढंच ना? मी नाचणी भिजवून अख्खीच घालू लागले. डुकरं तर दगडही चावतील.

आणि डुकरं वाळू लागली. पोतं उतरत होतं, पण गाठ काही अपुरी पडत नव्हती. म्हणजे मधल्या मध्ये कुणीतरी हात मारत होतं. कोण, ते मला विचारायलाच नको. माझ्या सासूबाई, रुक्मिणी. "बाळांच्या सत्त्वाची नाचणी डुकरांच्या तोंडात!" असं त्या रोज तुळशीला सांगायच्या, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

मी पोत्यातल्या नाचणीवर बोटाने नागमोडी रेघ ओढून ठेवू लागले. रेघ कधी मोडलेली दिसली नाही. संशय कमी व्हायला हवा होता, तो वाढला. म्हातारी हुशार, काढून झाल्यावर रेघ परत ओढत असणार.

एका दुपारी त्या पदराखाली डबा झाकून मागच्या दाराने निघाल्या. मी केळींच्या आड दडले. पकडायचंच होतं. सासूबाई खोपीशी वाकल्या आणि डबा डुकरांच्या खाण्याच्या डोणीत उपडा केला. आमच्याच जेवणातली पेज!

"खावा रे," त्या डुकरांना म्हणत होत्या, "तुमची मालकीण उपाशी मारतली तुमका."

मला तोंड लपवायला जागा नव्हती, म्हणून मान खाली घातली. केळीच्या बुंध्याशी, जिथे मी रोज डुकरांची विष्ठा टाकते, तिथे हिरवी लव उगवली होती. मी एक काडी उपटली. मुळाशी नाचणीचं लाल टरफल. शेजारची विष्ठा काटकीने फोडली. दाणेच दाणे, गेले तसेच बाहेर आलेले. चोर घरात नव्हता, कुठेच नव्हता. मी दळायचं सोडलं, तिथेच सगळं हुकलं.

"काय गो, सापडलो चोर?" सासूबाई मागे उभ्या.

"दळायला हवी होती, मांय. गोकुळदास तर—"

"जातां काढ."

"लग्नाची हळद दळायचं जातं?"

"आता कोणाचां लगीन उरलाहा ह्या घरात? काढ."

रोज दुपारी आम्ही समोरासमोर बसून दळलं. दोघी एकच खुंटा धरून. एकदा त्या म्हणाल्या, "पोत्यातली ती रेघ तुझीच मा? माका वाटला, साप शिरलो. चार दिवस पोत्याकडे गेलंय नाय."

चवथीच्या आदल्या दिवशी सगुणने डुकराभोवती सुंभ फिरवला. ओढला. परत ओढला. टोक आणि गाठ यांच्यात पूर्ण पंजा मावत होता. त्याने गाठ उजेडात धरली, आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"गाठ कोणी सरकवली?"

"तू मारलेली," सासूबाई पीठ झटकत म्हणाल्या. "तुझ्या गाठी रे कोण सोडवतला?"

तो सुंभ खिळ्याला टांगून गेला. दुसऱ्या दिवशी पाहते तर गाठीवर त्याने निळ्या शाईची खूण केली होती, पुढच्या वेळी कोणी सरकवली तर कळावी म्हणून.