डावीकडची खुर्ची

कॅप्टन दळवींनी जेवलेल्या हातानं माझ्या मुलीचा गाल ओढला, तेव्हाच मला कळलं की हा माणूस नामकरणाला आलेला नाही. दोन महिन्यांचं लेकरू. गालावर वरणाचा पिवळा डाग. मी ओल्या फडक्यानं पुसला, पुन्हा पुसला, तर ते हसले. "वहिनी, इम्युनिटी वाढते त्यानं."

सकाळी बुद्धवंदना झाली होती. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नातीचं नाव सुकेशनी ठेवलं. खीर वाटून झाली, मानवतची आमची सगळी गल्ली जेवून गेली. उरलो आम्ही घरचे आणि सिद्धोधनचे दोन पाहुणे. सिद्धोधन माझा नवरा, गल्लीतला पहिला वैमानिक. अजून को-पायलटच आहे, पण इथं त्याला सगळे कॅप्टन म्हणतात आणि तो कुणाची चूक दुरुस्त करत नाही. राहतो आम्ही हैदराबादला. पाहुण्यांतली निकिता त्याच्या बरोबरीची को-पायलट, रेल्वेनं मानवत रोडला उतरून रिक्षानं आलेली. दळवी हे वैमानिकांच्या संघटनेचे सहचिटणीस. संभाजीनगरपर्यंत विमानानं, पुढे टॅक्सीनं. मुलीसाठी त्यांनी चांदीचा वाळा आणला होता. एकच. दुसरा म्हणे डबीतून कुठं तरी पडला.

वाळा एक, पण करारपत्राच्या प्रती तीन होत्या.

दोन वर्षं रखडलेला करार कंपनीबरोबर होऊ घातला होता. २०१९ नंतर लागलेल्या को-पायलटांचा प्रतिनिधी म्हणून त्यावर सिद्धोधनची सही हवी होती, आणि ती संध्याकाळी सहाच्या आत. त्याच्या एका सहीनं एकशे तीस जण बांधले जाणार होते. म्हणून एवढ्या उन्हात हा माणूस मानवतला आला, खीर दोनदा मागून खाल्ली आणि आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, म्हणाला, "आई, हाताला चव आहे तुमच्या." आत्या खूश. माझ्या अंगावर काटा आला.

मंडपात कूलरपुढं खुर्च्या मांडल्या. दळवी बरोबर डावीकडच्या खुर्चीत बसले आणि सिद्धोधन त्यांच्या उजवीकडे. विमानात कॅप्टन डावीकडे बसतो, को-पायलट उजवीकडे. ही माणसं लग्नात, हॉटेलात, मंडपातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवरसुद्धा तशीच बसतात.

मला ती जागा खटकली. कारण सिद्धोधनच्या डाव्या कानाचं मला ठाऊक होतं.

चार महिन्यांपासून तो फोन उजव्या कानाला लावायला लागला होता. डावीकडून हाक मारली की ओ देत नव्हता. लेकरू त्याच्या डाव्या कुशीला रडत होतं आणि हा छताकडं बघत पडला होता, ते मी दारातून पाहिलं. विचारलं तर म्हणाला, "वारा बसलाय. विमानात हेडफोन असतो, काही अडत नाही." तीन आठवड्यांवर त्याचं वार्षिक मेडिकल होतं. त्यात कान सापडला तर उड्डाण बंद. सध्याच्या नियमानं उड्डाण बंद झालेल्याला दोन वर्षं पूर्ण पगार मिळतो, उपचार होतात, दुसरं काही शिकायला वेळ मिळतो. त्या दोन वर्षांच्या भरवशावर मी झोपत होते.

"मंग रिटायर झाल्यावर पेन्शन कशी बसती तुमाला?" मामांनी दळवींना विचारलं. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते.

"आम्हाला पेन्शन नसते, काका. एक फंड असतो."

मामांना वाटलं थट्टा करायलेत. "न्हाई म्हंजे? एवढं मोठं इमान चालवायलेत अन् पेन्शन न्हाई? म्या तर आयुष्यभर खडू घासला, मला हाय."

"काका, तुमच्या संघटनेनं पेन्शन मिळवली," निकिता म्हणाली. "आमच्या संघटनेनं हॉटेलातल्या नाश्त्यात ऑम्लेट मिळवलं."

मामा मोठ्यानं हसले. दळवी हसले नाहीत.

"बेटा, कोरोनात विमानं जमिनीवर उभी होती. इंजिनांत कबुतरांनी घरटी केली होती. तेव्हा तीनशे जणांच्या नोकऱ्या कुणी वाचवल्या?"

"वाचवल्या ना. पगार अर्धा करून. फंडातली कंपनीची भर थांबली ती थांबलीच. तुम्ही काय केलं, सर?"

"पत्रं दिली."

"सात पत्रं. मी सगळी वाचलीत. सातही पत्रांत शेवटी 'आपला स्नेहांकित' आहे."

"संप करायचा होता का मग? आजारी लोकांची औषधं नेत होतो आपण." दळवींचा आवाज क्षणभर खरा वाटला. मग त्यांनी दातातली बडीशेप जिभेनं काढून मांडवाच्या कनातीवर थुंकली आणि तो खरेपणा गेला. "आता करार आणलाय तर त्याच्यातही खोड. पगार पूर्ववत, फंडात भर पुन्हा सुरू."

"कुणाच्या फंडात?"

"टप्प्याटप्प्यानं सगळ्यांच्या."

"आमचा टप्पा कधी?"

"बाळ, रांग असते. आम्हीपण रांगेत उभे राहिलो."

सिद्धोधन काहीच बोलत नव्हता. चेहरा अर्धवट हसरा, मान अधूनमधून हलत होती. निकिताला वाटलं असेल तटस्थ आहे. मला दिसत होतं की कूलरच्या घरघरीत त्याला दळवींचं अर्धं बोलणं पोचतच नव्हतं.

लेकरू कुरकुरलं म्हणून मी आतल्या खोलीत गेले. जाताना टेबलावरची करारपत्राची एक प्रत उचलली. मी परभणीला एम.कॉम. केलंय. कागद शेवटच्या पानापासून वाचायची सवय मला तिथंच लागली, नको ते सगळं शेवटी असतं म्हणून. एका हातानं लेकराला धरून दूध पाजत वाचायला लागले. एकोणिसाव्या पानावर सातवा मुद्दा होता. वैद्यकीय कारणानं उड्डाण बंद झाल्यास २०१९ नंतर रुजू झालेल्यांना यापुढं तीन महिन्यांचा मूळ पगार. आधी लागलेल्यांना पूर्वीप्रमाणेच दोन वर्षं. त्याच्याच खाली, आधी लागलेल्यांच्या फंडात कंपनीची भर मागच्या थकबाकीसह. म्हणजे आमच्या आजारपणाचे पैसे काढून ह्यांच्या म्हातारपणात घातले होते. तेही इतक्या स्वच्छ भाषेत की वाचणाऱ्याला वाटावं, कुणीतरी कुणावर उपकारच केलेत.

मला खिरीचा वास नकोसा झाला.

बाहेर आले तर सव्वापाच झाले होते. दळवी घड्याळ बघत होते. "सिद्धू, आता पानं कशाला उलटत बसायची? मी मुद्दे वाचतो, तू पटापट बघ. चेकलिस्टसारखं."

चेकलिस्ट आमच्या घरातही चालते. विमानात उड्डाणाआधी एक जण यादी वाचतो, दुसऱ्यानं त्या त्या बटणाकडं बघून उत्तर द्यायचं असतं, चेक. लेकराला घेऊन बाहेर निघताना सिद्धोधन दारात उभा राहून तसंच विचारतो. लंगोट? चेक. टोपी? चेक. एकदा मी न बघताच थर्मासला चेक म्हणाले आणि थर्मास हैदराबादला ओट्यावर राहिला. तेव्हा तो तासभर मला बोलत होता. तोंड आधी बोललं अन् डोळे मागून गेले की विमानं पडतात म्हणाला.

"मुद्दा एक. मूळ पगार पूर्ववत."

"चेक."

"दोन. मुक्कामाचा भत्ता."

"चेक."

निकिता म्हणाली, "सिद्धोधन, अरे बघ तरी."

"तीन. गणवेश. चार. सुट्ट्यांची यादी."

"चेक. चेक."

कागद त्याच्या मांडीवरच होता. त्याचे डोळे दळवींच्या ओठांवर होते. सहाव्याला दळवींनी मान खाली घातली, आवाज उतरवला आणि सातवा मुद्दा कागदातच तोंड घालून वाचला. माझे दोन्ही कान शाबूत, मला ऐकू आला. सिद्धोधनला ओठ दिसले नाहीत. आवाज थांबला एवढंच त्याला कळलं.

"चेक," तो म्हणाला.

अंगावरून झुरळ जावं तसं झालं मला. दळवींची किळस होतीच. ही दुसरी होती. वर, ढगांत, दीडशे माणसं मागं बसलेली असताना हा माणूस असंच म्हणत असेल का? आणि मी चार महिने हे बघत होते. दोन वर्षांच्या पगाराकडं डोळा ठेवून गप्प बसले होते. दळवी खीर खात होते, मी काय खात होते?

"सातवा परत वाचा," मी म्हणाले.

दळवींनी चमकून पाहिलं. "वहिनी, हे आमचं तांत्रिक असतं."

"एकोणिसावं पान. परत वाचा."

"ऐकलं मी," सिद्धोधन म्हणाला. माझ्याकडं न बघता.

"काय ऐकलं, सांगा बरं."

त्याचा चेहरा लाल झाला. "सगळ्यांसमोर परीक्षा घेतेस का? ऐकलं म्हणालो ना. सर, आठवा."

"सूनबाई," मामा हळूच म्हणाले, "जाऊ दे. पुरुषांचं बोलणं चालू हाय."

आत्या सुकेशनीला घ्यायला हात पुढं करत होत्या. मी दिली नाही.

"त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही," मी म्हणाले. "चार महिने झाले."

मामांनी मुलाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि पाहतच राहिले. निकितानं तोंडावर हात ठेवला. सिद्धोधनला हे मात्र ऐकू आलं. मी उजवीकडं उभी होते.

दळवींना हिशोब जुळवायला अर्धं मिनिटही लागलं नाही. चेहऱ्यावर आधी भीती, मग विचार, मग हसू, अशा क्रमानं आलं. त्यांनी पेनचं टोपण काढलं, पेन सिद्धोधनच्या हातात दिलं आणि त्याच्या गुडघ्यावर थोपटलं.

"मी काही ऐकलं नाही बुवा," ते सावकाश, स्पष्ट म्हणाले, ओठ नीट दिसतील असे. "माणसाचं घर आहे, बाई काळजीपोटी बोलते. मेडिकलचे डॉक्टर आपल्या ओळखीचे आहेत. तू सही कर, मी काही ऐकलं नाही. काय निकिता? आपण काही ऐकलं नाही."

गालावरचा पिवळा डाग मला पुन्हा दिसायला लागला. तो केव्हाच पुसला होता.

निकिता उठून उभी राहिली. "मी ऐकलं, सर."

"निकिता."

"सोमवारी माझी ड्यूटी त्याच्यानंतर आहे. तेच विमान मला घ्यायचंय. मी ऐकलं."

मामा खुर्चीतून उठले. त्यांना अजून कराराचं काही कळलं नव्हतं, पण एवढं कळलं होतं. "सिद्धू," ते म्हणाले, "कानाचं खरं हाय का?"

सिद्धोधननं पेनाकडं बघितलं. मग तो उठला, आपली खुर्ची उचलली आणि दळवींच्या पलीकडं, डाव्या बाजूला नेऊन ठेवली. तिथं बसला, उजवा कान त्यांच्याकडं करून.

"सातवा वाचा, सर."

"सिद्धू, कमांडच्या, कॅप्टनपदाच्या यादीत तुझं नाव पहिल्या दहात आहे. मी स्वतः..."

"सातवा."

दळवींनी वाचला. आता प्रत्येक शब्द ऐकू येत होता, तीन महिने, मूळ पगार, २०१९ नंतर. वाचून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं. सिद्धोधननं कागद बघितला, बोटानं ओळ धरून, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"नाही," तो म्हणाला आणि पेनाला टोपण लावलं.

दळवी पावणेसहाला गेले. टॅक्सीत बसताना खिडकीतून म्हणाले, एकशे तीस पोरांचं नुकसान केलंस, बायकोच्या पदराआड लपून. संघटनेच्या ग्रुपवर ते काय लिहितील हे आम्हाला कळत होतं. आत्यांनी त्यांना द्यायची ठरवलेली पेढ्यांची पिशवी ते विसरले नाहीत.

निकिता मंडपाच्या कडेला उभी राहून बाकीच्यांना फोन करत होती. "एकोणिसावं पान बघा, आधी बघा, मग बोला." सिद्धोधननं आपल्या फोनवर कंपनीच्या वैद्यकीय विभागाला चार ओळी लिहिल्या, कान, चार महिने, सोमवारपासून ड्यूटी नको. पाठवायच्या आधी त्यानं फोन माझ्यापुढं धरला. मी वाचलं. तो माझ्याशी बोलला मात्र नाही, त्या दिवशीही आणि परतीच्या रेल्वेतही. दोन वर्षं मिळतील, का तीन महिने, का त्याआधीच काही निघेल, मला माहीत नाही. करारावर बाकीच्या गटांच्या प्रतिनिधींच्या सह्या आधीच झालेल्या होत्या.

मी सुकेशनीला त्याच्या मांडीवर दिलं. त्यानं तिला उजव्या बाजूला घेतलं. चांदीचा तो एकटा वाळा मी तिच्या पायातून काढला आणि निकिताला दिला, दळवी भेटतील तेव्हा त्यांचा त्यांना देऊन टाक म्हणून.