सांध्याखालची रायण

महादेवची वाडी डहाणूला, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. मे महिन्यात तौक्ते वादळ आलं आणि चिकूच्या त्या भरल्या वाडीचं एका दिवसात मैदान करून गेलं. अलीकडे लावलेली झाडं मुळासकट आडवी झाली. महादेवच्या वडिलांनी लावलेली अठरा जुनी झाडं मात्र उपटली गेली नाहीत, ती गुडघाभर उंचीवर मोडली. अठरा खुंट तेवढे जमिनीत राहिले. एरवी गावभर बडबडणारा महादेव पुढचे तीन दिवस घराबाहेर पडला नाही.

मुलगा विपुल व्यवहाराने चालणारा. त्याचं म्हणणं, समुद्र आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, अशी वादळं येतच राहणार. खुंट जेसीबीने काढून टाकू आणि शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधू. महादेव ताटावरून उठला. दोन दिवस अबोला झाला, आणि शेवटी बापलेकांत ठरलं की दसऱ्यापर्यंत खुंटांना चिकू फुटला तर वाडी राहील, नाही तर जेसीबी येईल.

श्रावणात खुंट फुटले. एकदोन नव्हे, अठराच्या अठरा. महादेवला आभाळ ठेंगणं झालं. शेजाऱ्यांना हाताला धरून आणून कोंब दाखवले, तलासरीच्या मेव्हण्याला फोटो पाठवले, आणि रोज जेवताना विपुलला एक तरी टोमणा मारला. विपुल बिचारा खाली मान घालून भात कालवत राही.

काळू तेव्हा सायवनला, आपल्या गावी भातलावणीला गेला होता. महादेवच्या वाडीत त्याच्या घरची ही तिसरी पिढी राबत होती. भादव्यात तो परतला, तर महादेव त्याला ओढतच पहिल्या खुंटापाशी घेऊन गेला. काळू उकिडवा बसला. त्याने एक पान तोडलं आणि त्याच्या टोकावरून अंगठा फिरवला.

"शेठ, ही रायण हाय," तो म्हणाला. "चिकू नाय."

महादेवला आधी रागच आला. मग त्याने पान हातात घेतलं. चिकूचं पान टोकाला निमुळतं होत जातं, याच्या टोकाला बारीकशी खाच होती. चिकूचं कलम रायणीच्या रोपावर बांधतात. वर चिकू, खाली जंगलातली रायण. कलमाच्या सांध्याखालून रायणीचा कोंब डोकावला की लगेच कापायचा, नाही तर ती चिकूचं बळ खाते. चाळीस वर्षं महादेव हेच करत आला होता. बोटभर वाढण्याआधीच छाटलेल्या कोंबाचं पान मोठं झाल्यावर कसं दिसतं, हे त्याला कुठून कळणार? रायणीची पिवळी फळं त्याने बाजारातून आणून खाल्ली होती, झाड कधी निरखलं नव्हतं. आपल्या अडाणीपणाची त्याला इतकी लाज वाटली की काळूकडे बघवेना.

विपुलला यातलं काहीच कळण्यासारखं नव्हतं. दोघे गप्प राहिले असते तर वाडी वाचत होती. हे महादेवच्या मनात आलं, आणि काळूच्याही आलं असणार. पण काळू म्हणाला, एकदा माझ्याबरोबर सायवनला चला, हिची माय दाखवतो.

दुसऱ्या दिवशी दोघे गेले. पाड्यामागची टेकडी चढताना जागोजाग वादळाने लोळवलेले साग दिसत होते. मग एका वळणावर काळू थांबला. महादेवला आधी वाटलं, समोर काळा कातळ आहे. तो बुंधा होता. चौघांच्या कवेत मावला नसता. वर बघता बघता महादेवची मान दुखली तरी शेंडा सापडेना. त्या पानांत किती पाखरं होती कोण जाणे, पण एकही दिसत नव्हतं, नुसता कलकलाट ऐकू येत होता. खाली मोडलेली एक फांदी नव्हती. ज्या वाऱ्याने त्याची वाडी नेली, तोच वारा इथूनही गेला होता. आपण चपला कधी काढल्या हे महादेवला कळलंच नाही.

काळूने सांगितलं की त्याच्या आज्याने हिच्याच बिया टोपलीतून डहाणूला नेल्या होत्या. त्यांची रोपं झाली, आणि महादेवच्या वडिलांनी त्यांवर चिकू बांधला. महादेव ऐकत राहिला. जन्मभर ज्याला तो आपली वाडी म्हणत आला, ती पायापासून या झाडाची होती.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने विपुलला जवळ बसवून खरं ते सांगून टाकलं. "तो चिकू नाही रे. जंगल आहे. मी हरलो."

विपुलने टोमणा मारला नाही. त्याने जेसीबीवाल्याला फोन लावला. मूळ किती खोल आहे, असं त्या माणसाने विचारलं, आणि ते तर कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून दसरा झाल्यावर विपुल स्वतः कुदळ घेऊन खणायला उतरला, काळू मदतीला. गुडघाभर खणलं, कमरेइतकं खणलं. दुपारी विपुल छातीइतक्या खड्ड्यात उभा होता आणि मांडीएवढं जाड मूळ त्याच्या पायांजवळून सरळ खालीच चाललं होतं. त्याने त्यावर तळहात ठेवला आणि तसाच उभा राहिला.

"वर एवढं सगळं झालं," तो म्हणाला, "आणि हे जागचं हललं पण नाही?"

"त्याला कळलं बी नसंल," काळू म्हणाला.

विपुल वर आला. पाणी प्यायला. मग कोणी काही न सांगता त्याने फावडं उचललं आणि माती परत खड्ड्यात लोटायला लागला. महादेवला वाटलं आता रडू फुटेल, म्हणून तो मुद्दाम खोकत राहिला.

खड्डा भरत आल्यावर विपुलने विचारलं, "पप्पा, यावर परत चिकू बांधता येईल?"

"येईल. एक कोंब ठेवायचा, बाकीचे काढायचे."

"आणि ठेवायचा कुठला?"

महादेव कोयता घेऊन वाकला. खुंटाभोवती तेराचौदा कोंब सरळ उभे होते. आजवर त्याने असे हजारो कापले होते, ठेवला मात्र एकही नव्हता. तो तसाच वाकून बघत राहिला. मग सरळ झाला आणि कोयता काळूच्या हातात दिला.