पहारेकरी, सात नंबर

शर्टाची आधी कॉलर, मग बाह्या, पाठ सगळ्यात शेवटी.

सात नंबरच्या कार्डावर भाला घेतलेला एक पहारेकरी आहे. त्याच्या डाव्या बुटाची नाडी सुटली आहे.

दवाखान्यातल्या बाकाला तीन पाय होते. चौथ्याच्या जागी वीट.

किल्ली घासताना कुलूपवाला बघत नाही. अंगठ्याने मोजतो.

‘वाचणाऱ्याने फक्त लिहिलेलं वाचावं. काही सुचवू नये.’ हा कागद आमच्या टेबलाला चिकटवला होता.

*

कुलूपवाला म्हणजे माझा धाकटा भाऊ. सहा फूट उंच, म्हणून घरात टिल्लू. चार वर्षांपूर्वी दुकानात घासायचं चाक फुटलं आणि दोन्ही डोळ्यांना लागलं. ऑपरेशननंतर दहा दिवस पट्टी होती. त्याचा वेळ जावा म्हणून मी बाजारातून कार्डांचा गठ्ठा आणला. साठ कार्डं. रोज सहा वाचायची, तो पाठ करायचा. पट्टी सुटली. फरक काही पडला नाही. खेळ तेवढा राहिला.

त्याने ती कार्डं कधी पाहिलेली नाहीत. माझ्या तोंडून जे आलं तेच त्याच्यासाठी कार्डावर छापलेलं.

आणि सात नंबरची एक ओळ मी वाचली नव्हती.

*

त्याची ही पहिलीच स्पर्धा. हातात आलेल्या कार्डाचा नंबर मी बोटाने त्याच्या मनगटावर लिहायचा, एवढीच परवानगी. पहिले दोन सामने तो जिंकला. पहारेकरी दोन्हीत शेवटपर्यंत जागेवर उभा राहिला आणि माझा जीव भांड्यात पडला. तिसऱ्या सामन्यात समोर दातांच्या डॉक्टरीणबाई.

“घाबरू नका, आज सुई आणलेली नाही.”

“मग तुम्हीच आ करा,” टिल्लू म्हणाला.

त्याने पहारेकरी मांडला. बाईंचा अजगर खेळाबाहेर गेला. दोन डावांनंतर त्याने ‘मोबदला’ टाकलं. ते कार्ड पहिल्यापासून त्याच्या हातात होतं. आपलं एक कार्ड सोडायचं आणि समोरच्याला चार घाव द्यायचे.

“पहारेकरी जाऊ दे. त्याचं काम झालं.”

माझं बोट त्याच्या मनगटावरच होतं. समोर तो कागद. मी गप्प बसले. खरं सांगायचं तर कागद नसता तरी गप्पच बसले असते. चार वर्षं बसलेच होते.

बाईंनी चार घाव मोजून घेतले. त्यांचा एकच जीव उरला.

“चला, माझा अजगर आला,” त्या म्हणाल्या.

“तो कसा येईल?”

“अहो, पहारेकरी गेला ना.”

“गेला. मग?”

बाईंनी त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मग पंचांना हाक मारली.

पंच म्हणजे एरवी बस चालवणाऱ्या एक बाई. आल्या, कार्ड पाहिलं, म्हणाल्या, “वाचा, ताई. पूर्ण वाचा.”

मी वाचलं. “एक. पहारेकरी मैदानात आला की समोरच्याचं एक कार्ड खेळाबाहेर जातं. दोन. पहारेकरी मैदानातून गेला की ते कार्ड परत येतं.”

टिल्लूने मनगट काढून घेतलं.

“हे नवीन छापलंय?”

“नाही. तेच कार्ड आहे.”

“पहिल्यापासून होतं?”

“होतं.”

पंचांना वाटलं, नियमच कळलेला नाही. त्या बिचाऱ्या खुर्ची ओढून बसल्या. “ह्या दोन ओळी वेगवेगळ्या चालतात, दादा. कपड्यांच्या ढिगासारखं. शेवटी पडलेला वर, तोच आधी उचलायचा. पहारेकरी आला, पहिली ओळ ढिगात पडली. ती लागू व्हायच्या आत तुम्ही त्याला सोडला असता, तर दुसरी ओळ तिच्यावर पडली असती. म्हणजे दुसरी आधी. तेव्हा परत यायला काहीच नाही. मग पहिली. अजगर जातो, आणि त्याला आणणारी ओळ तर होऊन गेलेली. तो कायमचा गेला.”

मी इस्त्रीच्या दुकानात काम करते. ढीग मला कुणी समजावून सांगायला नको.

“म्हणजे आधी परत करायचं,” टिल्लू हळूहळू म्हणाला, “आणि मग घ्यायचं.”

“बरोब्बर.”

तो किल्ली तपासतो तसा अंगठा टेबलाच्या कडेवरून फिरवत राहिला.

“ताई, घरी पहारेकरी गेला की तू तुझं कार्ड परत घेत नव्हतीस.”

“नव्हते.”

“हरत होतीस.”

“हो.”

“का गाळलीस?”

“दमले होते रे.”

अजगराने दोन डावांत त्याला संपवलं. डॉक्टरीणबाईंनी त्याचा हात हातात घेतला. “छान खेळलात.”

“हिने आज वाचलंही छान,” तो म्हणाला.

*

बाहेर जिन्यापाशी त्याने माझा कोपर धरला नाही.

“टिल्लू, हात दे.”

“नको. पायऱ्या किती?”

“अकरा.”

तो भिंतीला हात लावून उतरला. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून, ओठ हलवत. मी मागे थांबले. इतक्या वर्षांत त्याने मी सांगितलेला आकडा कधी मोजून पाहिला नव्हता.

“अकरा,” तो खाली पोचून म्हणाला. मग शेवटच्या पायरीवर बसला आणि गठ्ठा माझ्याकडे धरला. “पहिल्यापासून. सगळी साठ. छापणाऱ्याचं नावसुद्धा सोडायचं नाही.”

मी शेजारी बसून वाचू लागले. एक. दोन. जाणारे-येणारे आमच्या पायांना वळसा घालून जात होते. सहावर तो मान हलवत होता. सातच्या दोन्ही ओळी मी वाचल्या. नाडीचंही सांगितलं. त्याची मान थांबली.

“तू दमली नव्हतीस,” तो म्हणाला.

सात नंबर मी पहिल्यांदा वाचलं त्या सकाळी, पट्टी सुटायला नऊ दिवस असताना, डॉक्टरांनी मला एकटीला बोलावून सांगितलं होतं की नजर परत येणार नाही.