एका अंगाला झुकलेली गाडी

“ताई, दाजींना सांग, गाडी मागे घेतोय. बाजूला व्हा म्हणावं.”

दाजी, म्हणजे मिस्त्री, मेहुण्यापासून तीन पावलांवर उभे होते आणि बहिरे नव्हते. ताईने शिवणयंत्रावरून मान वर केली नि नवऱ्याला म्हणाली, “अहो, जरा सरका.” मिस्त्री सरकले, पण असे, की जणू स्वतःच्याच मनाने सरकले.

वीस दिवस हेच चाललं होतं. मिस्त्रींनी फर्निचरच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली. मग ‘तुमचा हात फार संथ आहे’ असं तोंडावर सांगून नव्या मॅनेजरने त्यांना घरी बसवलं. मेहुणा गॅरेजमध्ये गाड्यांचं वायरिंग करायचा. दोघांनी मिळून धंदा काढला: जुनी व्हॅन घ्यायची, आत पलंग, ओटा, दिवे, पाणी बसवायचं आणि राहण्याजोगी करून द्यायची. पडदे नि गाद्या ताईने शिवायच्या. कल्पना झकास होती हो, पण माणसं म्हणजे विळा नि भोपळा!

ठिणगी पडली एका भोकावरून. मिस्त्रींनी चार दिवस पॉलिश करून बसवलेल्या फळीला मेहुण्याने वायर न्यायला भोक पाडलं, आणि तेही वाकडं. मिस्त्रींनी त्याचं ड्रिल उचललं आणि रस्त्यावर भिरकावलं. तेव्हापासून अबोला. सकाळी शेडमध्ये मिस्त्री काम करायचे, दुपारनंतर मेहुणा. निरोपांची ने-आण ताईकडे. एकाची बायको, दुसऱ्याची बहीण. जाणार कुठे बिचारी?

आज पहिल्या गाडीची सरकारी तपासणी होती. गाडी एका निवृत्त नर्सबाईंची. त्यांचं क्वार्टर उद्या रिकामं व्हायचं होतं आणि पुढे त्या गाडीतच राहणार होत्या. तपासणीत गाडी पास झाली तर ठीक. नाहीतर मेहुणा सोमवारी गॅरेजमध्ये परत जाणार होता, मालकाने त्याची जागा तोवर धरून ठेवली होती. आणि मेहुणा गेला की धंद्याला टाळंच, कारण मिस्त्रींना विजेतलं ओ की ठो कळत नव्हतं. हे त्यांनाही ठाऊक होतं. पण सुंभ जळेल, पीळ कसा जाईल?

तपासणीच्या आवारात साहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. आधी एका बाजूची चाकं वजनकाट्यावर चढवायला लावली, मग दुसऱ्या बाजूची.

“कुणी बांधलीय ही?”

“आम्ही,” दोघं एकदम म्हणाले. वीस दिवसांत एकत्र उच्चारलेला हा पहिला शब्द.

“शुद्धीवर होता ना? सगळा भार एका अंगाला. पहिल्या वळणावर कलंडेल. चारपर्यंत मी इथे आहे. सरळ करून आणा, नाहीतर पुढच्या महिन्यात या.”

आता यात गुपित काहीच नव्हतं. गाडीच्या एका बाजूला सरकतं दार, म्हणजे सलग भिंत मिळणार ती समोरच्या बाजूला. ती दोघांनाही आवडली. मेहुण्याने तिच्याखाली पाण्याची टाकी आणि दोन बॅटऱ्या ठोकून बसवल्या. मिस्त्रींनी तिच्यावर छतापर्यंत कपाट उभं केलं, अस्सल जाड लाकडाचं. एकही खिळा नाही, सगळे सांधे एकमेकांत गुंतवलेले. एवढं चोख काम त्यांनी कारखान्यातही केलं नव्हतं. एकाचं वजन दुसऱ्याला रोज दिसत होतं. पण तोंडावर कुणीच बोललं नाही.

“टाकी हलव म्हणावं त्याला,” मिस्त्री ताईकडे बघून गरजले.

“दाजींना सांग, टाकी हलवायला दोन दिवस लागतात. खालून सगळे पाइप गेलेत. कपाट काढा म्हणावं.”

गाडी न्यायला आलेल्या नर्सबाई पुढे झाल्या. “कपाट कशाला केलंत, हेच मला कळलं नाही,” त्या म्हणाल्या. “मी चार हुक मागितले होते. उभा जन्म दोन युनिफॉर्मांवर काढला मी. कपाट सुरू व्हायच्या आधीच यांना सांगितलं होतं.” त्यांनी मेहुण्याकडे बोट दाखवलं.

मेहुणा उसळला. “मी तसा निरोप दिला होता!”

“मला निरोप आला, ‘कपाट जरा बेताचं करा’!” मिस्त्री म्हणाले.

दोघांनी ताईकडे पाहिलं. ताईने पदर खोचला नाही की डोळेही पुसले नाहीत. ती सरळ भडकली.

“हो, मीच बदलला निरोप! हा म्हणाला, ‘त्या लाकूडवेड्याला सांग, बाईला हुक हवेत, तुमचं स्मारक नको.’ हे असंच्या असं सांगितलं असतं तर दुसरं ड्रिल रस्त्यावर गेलं असतं. आणि तुम्ही काय म्हणालात? ‘त्या गाढवाला सांग, टाकी पलीकडे घे.’ मी याला म्हटलं, ‘जमलं तर टाकीचं बघ.’ नाही जमलं त्याला! तुमचं कडू गोड करून करून माझी जीभ झिजली. आता बोला की तोंडाने!”

तेव्हा मिस्त्री तोंडाने बोलले. न बोलते तर बरं झालं असतं.

“नऊ वर्षांचा होतास,” ते मेहुण्याच्या अंगावर धावून म्हणाले, “आई-बाप गेले तेव्हा. माझ्या घरात वाढलास, माझ्या ताटातलं खाल्लंस. मी तुला दारात उभं केलं नसतं तर भीक मागत फिरला असतास. आणि मला शिकवतोस?”

आवारातले ड्रायव्हर वळून बघायला लागले. मेहुणा पांढराफटक पडला. त्याने किल्ली बॉनेटवर ठेवली आणि भिंतीकडे जाऊन उभा राहिला.

शब्द तोंडातून सुटला आणि मिस्त्रींना तो परत गिळावासा वाटला. काय करणार? हत्यारांची पेटी उघडून ते गाडीत चढले. कपाट आतच जोडलेलं, त्यामुळे दारातून अख्खं निघेना. सांधे सुटतील असे त्यांनी केलेच नव्हते. मेहुणा करवत घेऊन पुढे आला तर मिस्त्रींनी हाताने त्याला अडवलं. आपलं कपाट त्यांनी आपल्याच हाताने कापलं, फळीमागून फळी. एकदा मध्येच थांबून त्यांनी एका सांध्यावर अंगठा फिरवला. मग परत करवत धरली.

पावणेचारला गाडी पुन्हा काट्यावर चढली. साहेबांनी शिक्का मारला आणि कागद दिला. नर्सबाई स्टिअरिंगवर बसल्या, “हुक मी कुठेतरी लावून घेईन,” म्हणाल्या आणि गेल्या. गाडी फाटकाबाहेर वळली, जराही न झुकता वळली.

मेहुणा आपली पेटी आवरत होता. मिस्त्री त्याच्याजवळ गेले.

“टाकी नि बॅटऱ्या बरोबर बसवल्या होत्यास तू. कपाट माझंच चुकलं. आणि ते ताटाचं बोललो ना, ते बोलायला नको होतं रे. फार वाईट बोललो मी. उद्या ये. सकाळीच ये, दोघं मिळून करू.”

मेहुण्याने पेटी उचलली. त्याचे डोळे लाल झाले होते. तो बहिणीकडेच बघत राहिला.

“ताई, दाजींना सांग, सोमवारपासून मी गॅरेजमध्ये आहे.”

तो चालायला लागला आणि फाटकाबाहेर गेला. निरोप घेऊन ताई तिथेच उभी राहिली. तिने तो पोचवला नाही. मिस्त्रींनीही विचारलं नाही. ते खाली वाकून कपाटाच्या फळ्या एकावर एक रचायला लागले, लांब खाली, आखूड वर. शेवटची लांब फळी एकट्याला उचलेना, तेव्हा ताईने तिचं दुसरं टोक धरलं.