कॅम्परचा मागचा डावा पाय

मी बोलतोय, गोत्रीतल्या एका सोसायटीत उभ्या असलेल्या कॅम्परचा मागचा डावा जॅक. तीन आठवडे झाले, पण माझी धडधड अजून थांबलेली नाही. लोखंडाला कसली आलीय धडधड, असं तुम्ही म्हणाल. त्या दिवशी माझ्या जागी असतात तर म्हणाला नसतात.

कॅम्पर म्हणजे पत्र्याची एक छोटी खोली. आत बाक, शेगडी, पंखा. पिकअप गाडीच्या हौद्यात ती ठेवायची आणि फिरायला निघायचं. घरी आलं की चार कोपऱ्यांच्या चार जॅकवर खोली उचलायची, गाडी खालून काढून घ्यायची आणि खोली जमिनीलगत उतरवायची. माझा जन्म छाणीच्या एका वर्कशॉपमधला. तेव्हा मला हँडल होतं. आमचे मालक मोहनराव एकेकापाशी वाकून ते फिरवायचे. चार फेरे मला, चार त्याला, अशी खोली सरळ वर जायची.

मोहनराव रेल्वेच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले. वाकलेला खिळासुद्धा ठोकून सरळ करून डब्यात टाकणारा माणूस. पुढे त्यांची कंबर धरली. त्यांच्या बायकोचे, मंदाकिनीबाईंचे, गुडघे तर आधीच गेलेले, गाडीवरच्या कॅम्परची शिडी त्यांना चढवेना आणि पाय दुमडून लांबचा प्रवास होईना. चांदोदला बाईंची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली, आणि दोन वर्षांत दोघींची भेट नाही. मग मोहनरावांनीच तोड काढली. आम्हाला मोटरी बसवायच्या. खोली खाली असतानाच बाईंनी आत जाऊन बसायचं, बटण दाबलं की वर, आणि चांदोदला पोचलं की तसंच खाली. खरं सांगतो, तो बेत ऐकून मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

छाणीहून किरीटभाई इलेक्ट्रिशियन आले. मोटरी बसल्या. वायर ओढायची वेळ आली तेव्हा मोहनरावांनी माळ्यावरून एक भेंडोळं काढलं. घराच्या वायरिंगमधून उरलेलं.

"काका, आ वायर नहीं चाले," किरीटभाई म्हणाले. "बार वोल्ट छे. जाडो वायर जोईए."

"अरे भाई, आमचा एसी चालतो हिच्यावर! तुझ्या मोटरींचं काय घेऊन बसलास?"

किरीटभाईंनी पुन्हा समजावलं. घरातली वीज जोरानं येते, बॅटरीची बिचारी बारा व्होल्टची, मंद, म्हणून तिला वाट रुंद, म्हणजे वायर जाड लागते. मोहनराव नुसते हसले. झोपाळ्यावर मेथी निवडत बसलेल्या मंदाकिनीबाईंनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. शेवटी तीच वायर लागली. बॅटरी पुढे, मी मागच्या टोकाला, त्यामुळे सगळ्यात लांब वायर माझ्या वाट्याला आली.

निघायचा दिवस उजाडला. किरीटभाई मुद्दाम पाहायला आले होते. बहिणीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बाई आत बसल्या.

"मंदा, आता बघ कशी लिफ्टसारखी वर जातेस!" म्हणत मोहनरावांनी बटण दाबलं.

पहिली वीतभर मी बाकीच्यांच्या बरोबरीनं चढलो. मग मला दमच मिळेना. ते तिघे वर चालले होते आणि मी रेंगाळत होतो. खोली माझ्या अंगावर कलली, वजन वाढलं, तसा मी आणखीच अडलो. हँडल होतं तेव्हा ते जड झालं की मोहनराव लगेच थांबायचे. आता त्यांच्या अंगठ्याला काही कळत नव्हतं, आणि डोळे होते गेटकडे, गाडी मागे कशी घ्यायची ते बघत.

आत भांडी कोसळली. जळका वास आला. माझी वायर वितळत होती.

"अहो! दार उघडत नाहीये!"

चौकट तिरकी होऊन दार अडकलं होतं. मोहनराव थिजले. अंगठा अजून बटणावरच! किरीटभाईंनी धावत जाऊन बॅटरीची तार उपटली, खिडकीची काच हातानंच फोडली आणि शेजाऱ्यांच्या मदतीनं बाईंना बाहेर काढलं. त्यांच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं.

आणि मोहनरावांचा पहिला शब्द काय असावा? "जॅकच खराब निघाला!" मग किरीटभाईंकडे वळून, "तूच बसवलास ना?"

किरीटभाईंच्या हातातून रक्त ठिबकत होतं. पायरीवर बसलेल्या बाई बोलल्या, "त्यांनी सांगितलं होतं. दोनदा. मी ऐकत होते."

"मग तू का नाही बोललीस?"

"मी बोलले असते तर ऐकलं असतंत?"

मोहनरावांचं तोंड इतकंसं झालं. लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर बाईंना हे विचारावं लागावं, याचा धक्का मला खोली कलल्याच्या धक्क्यापेक्षा मोठा बसला.

आता जाड वायर लागली आहे. ती दुसऱ्याच माणसाकडून लावून घेतली. रोज सकाळी मोहनराव आत काठोकाठ भरलेला पेला ठेवतात, बटण दाबतात, आम्ही चौघे एका रेषेत वर जातो. "बघ मंदा, थेंब सांडला नाही!" पण बाई आत बसायला तयार नाहीत.

काल बाई म्हणाल्या, "जॅकचं कुठे काय बिघडलं होतं? मला त्याची भीती वाटतच नाही." आणि घरात निघून गेल्या. संध्याकाळी चांदोदहून भाच्याचा फोन आला. आई सारखी तुझं नाव घेतेय मावशी, लवकर ये, म्हणाला.

मोहनराव, तो पेला ठेवा बाजूला. आधी बाईंना घेऊन छाणीला जा. किरीटभाईंच्या हाताची चौकशी करा आणि चूक तुमची होती हे कबूल करा, बाईंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आजच जा.