नॉर्बर्टच्या मांडीवरचा गोळा

बेल्जियममधल्या इपरच्या आसपास नांगराला बटाट्याआधी तोफगोळा लागतो. शंभर वर्षांपूर्वीचं महायुद्ध अजून जमिनीखाली गंजत पडलंय. सापडलेला गोळा अलगद उचलायचा, बांधावरच्या विजेच्या खांबापाशी नेऊन ठेवायचा, लष्कराची गाडी तो घेऊन जाते. गोडलिव्हचा नवरा ओमेर लहानपणापासून हे करत आला होता. सहा वर्षांपूर्वी खांबापाशी ठेवलेला एक गोळा घरंगळला, ओमेर तो परत जागेवर ठेवायला गेला आणि त्याच्या चिंधड्या उडाल्या.

प्यायला असेल, असं गावाने ठरवून टाकलं. त्यात पुढाकार नॉर्बर्टचा. गोळ्यांच्या स्फोट घडवणाऱ्या पितळी टोप्या पान्याने पिरगाळून चोरायच्या आणि विकायच्या, हा त्याचा धंदा. त्याच सकाळी पाना घेऊन खांबापाशी वाकलेला नॉर्बर्ट गोडलिव्हने डोळ्यांनी पाहिला होता. पण एकटीचं कोण ऐकतं? पुढे या बहाद्दराने गोठ्यात युद्धाचं संग्रहालय आणि जुन्या वस्तूंचं दुकान थाटलं, तो पर्यटकांना स्मारकं दाखवत हिंडू लागला आणि अकरा नोव्हेंबरला, युद्ध संपल्याच्या दिवशी, गावाच्या वतीने पुष्पचक्र वाहायचा मानही त्यालाच मिळाला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

शिवाय जेवायला तो पर्यटकांना गोडलिव्हच्याच खानावळीत आणायचा, आणि तिच्यादेखत ओमेरची गोष्ट रंगवायचा. ती सूप वाढत राहायची. सूड घ्यायचा तर पुरता घ्यायचा, हे तिने केव्हाच मनाशी ठरवलं होतं.

यंदाच्या अकरा नोव्हेंबरला स्मारकावरून तो हॉलंडच्या पाहुण्यांना घेऊन आला. कोटावर स्मरणदिनाचं लाल फूल, खुर्चीत ऐसपैस.

"इथला एक शेतकरी होता," त्याने सुरू केलं. "सकाळी सकाळी ढोसून आला, गोळा उचलला, आणि धडाम! गोळ्याशी मस्ती चालत नाही, मंडळी."

गोडलिव्ह आतून पावाचा ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये पाव नव्हता. चिखलाने माखलेला गोळा तिने उचलून सरळ त्याच्या मांडीवर ठेवला.

"आजच नांगराला लागला. टोपी बघ, कुणीतरी अर्धी पिरगाळून सोडलीय. तू जाणकार. हलू नकोस हं."

नॉर्बर्टने टोपी पाहिली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पाहुणे खुर्च्या पाडत अंगणात पळाले आणि उघड्या खिडकीतून डोकावू लागले.

"गोडलिव्ह, उचल हे! वेड लागलंय का तुला?"

"ओमेर प्यायला होता?"

"सगळे तसंच म्हणतात..."

"मी तुला विचारतेय." तिने गोळ्यावर एक बोट टेकवलं.

"नव्हता!" नॉर्बर्ट किंचाळला. "नव्हता प्यायला! टोपी मी पिरगाळली होती. अर्ध्यात अडकली, मी घाबरलो, तसाच टाकून पळालो. झालं समाधान? आता उचल, तुझ्या पाया पडतो!"

"जोरात बोल. बाहेरच्यांना ऐकू गेलं नाही."

त्याने पुन्हा सांगितलं, रडत, शब्दन् शब्द. गोडलिव्हला इतकं बरं वाटलं की तसं वाटल्याची लाजही वाटली नाही.

मग तिने गोळा उचलला, टोपी फिरवून काढली आणि तो उलटा केला. आतून चिमूटभर माती पडली, बाकी काही नाही. एप्रनने तिने बूड पुसलं. तिथे नॉर्बर्टच्या संग्रहालयाचा पत्र्याचा बिल्ला अजून चिकटलेला होता.

"तुझ्याच दुकानातला. बहिणीला पाठवून विकत आणवला. वर्षभर शेणामातीत पुरून ठेवला होता. स्वतःचा माल ओळखता येत नाही, आणि म्हणे जाणकार!"

नॉर्बर्ट धडपडत उठला. पँट ओली झालेली सगळ्यांना दिसत होती. दारातून एक डच बाई हळूच म्हणाली, "तुमच्या नवऱ्याचं नाव काय होतं?"

"ओमेर," गोडलिव्ह म्हणाली. मग ती नॉर्बर्टकडे वळली. "आता रोज पाहुणे आण. गोष्ट तीच सांगायची, इथेच बसून, माझ्यासमोर. फक्त शेवट आजचा. एक दिवस चुकवलास तर मी सांगेन, आणि तुझ्या पँटचंही सांगेन."

एवढं बोलून ती सूप आणायला आत गेली.